दोन बोटं खाली

चाक आणि मडगार्ड यांच्या मध्ये
माझी चार बोटं आडवी जायची.
मला दोनच जायला हवी होती.
काळी मर्सिडीज, सतरा वर्षांची, मी तिची तिसरी मालकीण,
तरी मागच्या सीटला अजून
कुण्या बँकवाल्याच्या अत्तराचा वास.

बाबा म्हणाले, 'आणखी खाली कशाला?
हेर्टेनमध्ये आधीच सगळं खाली गेलंय.'
खरंच होतं ते. पोटातला कोळसा काढून घेतला
तसतशी वरची गल्ली खचत गेली.
आमच्या स्वयंपाकघरात गोटी ठेवली
तर आपणहून खिडकीकडे निघते.
पंप अजून रात्रंदिवस पाणी उपसतात;
थांबले तर म्हणे निम्म्या गावाचं तळं होईल.
अशा गावात, गाडी तीस मिलिमीटर खाली आणायला
मी दोन महिन्यांचा पगार बाजूला काढला.

'स्प्रिंगा कापून द्या म्हणतात पोरं,' नुरेत्तिन म्हणाला.
'कापलेली स्प्रिंग म्हणजे दात पाडलेलं तोंड.
बसलेलं दिसतं, चावता काही येत नाही.'
त्याने आखूड स्प्रिंगा मागवल्या,
त्यांच्याच जोडीचे शॉक ॲब्सॉर्बर,
आणि मोठ्या रिमचा माझा हट्ट एका वाक्यात मोडला:
'टायरची भिंत जाड राहू दे, निम्मं सुख तिथल्या हवेत असतं.'
बुश बदलले. थांब्याचं रबर नखाएवढं छाटलं.
मग चारही चाकं टेकवून,
गाडीने स्वतःचं वजन स्वतःवर घेतल्यावरच बोल्ट आवळले.
'लटकत्या पायांनी आवळलेलं रबर
जन्मभर पिळलेलं राहतं.'

तपासणीवाल्याने कागद वाचले, टेप लावला,
शिक्का मारला, आणि जाताना
बॉनेटवरून एकदा हात फिरवला.

रविवारी बाबांना मागे बसवलं.
एकतीस वर्षं त्यांनी खाणीचा पिंजरा चालवला,
म्हणजे वर, जमिनीवर, एका उंच खोलीत बसून,
हातात दांडा, समोर तबकडी,
आणि दोराच्या टोकाला, हजार मीटर खोल,
कधीच न दिसणारी पन्नास माणसं.

रेल्वेचं फाटक. मग रस्ता बशीसारखा बसलाय ती जागा.
पोटातलं पाणी हललं नाही, मी मनात म्हटलं.
बाबांचे डोळे मिटलेले,
मांडीवर उजवी मूठ, अर्धी वळलेली.
'खाली नीट जाते,' ते म्हणाले.
'वर येताना घाई करते.'

नुरेत्तिनने गाडी कडेला घेतली,
रविवारच्या शर्टात रस्त्यावर आडवा झाला,
स्क्रू दोन खटके फिरवला.
'पुन्हा.'
आणखी एक खटका.
'पुन्हा.'
बेकरीवाली दारात येऊन उभी राहिली,
तीच गाडी, तोच खड्डा, पाच वेळा.
सहाव्यांदा बाबा काही बोलले नाहीत.

परतताना, बऱ्याच वेळाने,
'कोळसा असला की दांडा सरळ ओढायचा.
माणसं असली की घंटा वेगळी, वेग वेगळा.
शेवटचे दोन मीटर तर
झोपलेलं पोर गादीवर ठेवावं तसे.'
मग खिडकीबाहेर बघत,
'एकदा आपटला. ब्याऐंशी साली.
लोथरचा घोटा.'
हे नाव आमच्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं.
नुरेत्तिनने इंडिकेटर दिला, वळण नसताना.

दारात थांबलो. उतरून चाकापाशी गेले,
बोटं घालून पाहिली. दोन. मोजून दोन.
स्वर्गही तेवढाच उरला होता मला.

आणि बाबांना बाहेर पडता येईना.
सीट आता त्यांच्या गुडघ्यांच्या खाली गेली होती.
एकदा जोर केला, बसले.
पुन्हा केला, पुन्हा बसले.
मी वाकून हात पुढे केला,
त्यांनी मनगट धरलं, दांडा धरावा तसं.
'सावकाश ओढ,' ते म्हणाले,
'माणूस आहे.'